सगळ्यांच्या हातची तुरटी

मित्रांनो, मी तुरटीचा एक जुना खडा आहे. खडा म्हणण्याइतकंही आता माझ्यात फारसं उरलेलं नाही. सुपारीएवढा असेन. कधी काळी मी द्रौपदाबाईंच्या मुठीत मावत नव्हतो, हे आज सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. पण झिजल्याचं मला दुःख नाही. मी लोखंडाचा नाही की दगडाचा नाही. मी पाण्यात विरघळण्यासाठीच जन्मलो.

तो जन्म खाणीत झाला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तांबूस दगडाची भुकटी गंधकाच्या आम्लात शिजवली, त्यात पोटॅशचं मीठ मिसळलं आणि तो गरम रस एका मोठ्या हौदात निवत ठेवला. रस जसजसा थंड झाला तसतसा मी हौदाच्या भिंतीला धरून वाढत गेलो. पुढे हातोड्यांनी आमची फोड झाली आणि पोत्यांत भरून आम्ही ट्रकने धुळ्याला आलो. तिथून शिरपूरच्या एका किराणा दुकानात. माझ्या भावंडांपैकी काही न्हाव्याच्या पेटीत गेली आणि जन्मभर लोकांच्या हनुवटीवरून फिरली. मी दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी पडून होतो. बर्फासारखा आरपार दिसायचो, म्हणून मुलं मला हात लावून गार आहे का ते बघायची आणि हिरमुसायची.

एका बाजारच्या दिवशी द्रौपदाबाई आल्या. त्यांनी मला उचललं, उजेडाकडे धरलं, जिभेचं टोक लावून चव घेतली आणि मान हलवली. घरी नेल्यावर त्यांनी माझ्या कमरेला सुतळी बांधली आणि ओसरीवरच्या रांजणाजवळ खुंटीला मला टांगलं. ते घर तापीच्या काठावरच्या गावात होतं. द्रौपदाबाईंचे मालक आधारनाना शेती करायचे. धाकटे दीर भिकन धुळ्याला नोकरीला होते.

माझं काम पावसाळ्यात सुरू व्हायचं. मित्रांनो, श्रावणातल्या तापीचं पाणी तुम्ही पाहिलं आहे का? ते चहासारखं लालसर असतं. हंड्यात भरून दोन दिवस ठेवलं तरी लालसरच राहतं. वाळू तेवढी तळाला बसते, पण चिकणमातीचे बारीक कण तरंगतच राहतात. याचं कारण असं की त्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. दोन ऋण भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्यामुळे ते कण एकमेकांजवळ येतात, पण चिकटत नाहीत. एकेकटा कण इतका हलका की तो खाली बसत नाही. अशा पाण्याला पुस्तकात कलिल म्हणतात.

मी त्या पाण्यात फिरलो की माझ्यातून धन भार सुटतो. तो कणांवरचा ऋण भार पुसून टाकतो. मग कणाला कण चिकटतो, त्याला तिसरा चिकटतो, आणि पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसू लागतात. पुंजके जड झाले की सावकाश तळाला जातात. वर राहतं ते नितळ पाणी. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडायचं आणि दर वेळी मला तितकाच आनंद व्हायचा.

आता जे सांगणार आहे ते त्या घरच्या कानबाईचं. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. चौरंगावर नारळ मांडतात, त्याला नथ घालतात, दागिने घालतात. सगळी भावकी त्या एका घरी जमते आणि कानबाईच्या नैवेद्याला गव्हाचे रोट होतात. द्रौपदाबाईंच्या सासूने शेवटच्या आजारात कानबाईचा तो नारळ त्यांच्या ओटीत घातला होता. तेव्हापासून कानबाई त्यांच्याच घरी बसायची. घरचा रिवाज असा की रोटांची कणीक तापीच्याच पाण्यात भिजवायची. गावात हापसा होता, पण त्याचं पाणी मचूळ. शिवाय रिवाज तो रिवाज.

एका वर्षी मात्र गडबड झाली. द्रौपदाबाईंनी घाईत, पुंजके खाली बसायच्या आतच रांजणातलं पाणी उपसलं. कणकेत ते खपून गेलं, पण तेच पाणी पोरांनी प्यायलं. दुसऱ्या दिवशी चार घरची मुलं आजारी पडली आणि नानांचा चुलतभाऊ वना याच्या धाकट्या मुलीला शिरपूरला नेऊन सलाईन लावावं लागलं. पोरगी बरी झाली, पण भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. भागाबाई या नानांच्या चुलती, घराण्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांच्यासमोर बैठक बसली. भिकनचं लग्न ठरलं होतं, धुळ्यात नळ होता, खोल्या पक्क्या होत्या. भागाबाई पान चघळत एकच वाक्य बोलल्या.

"पुढला साल पानी असंच ऱ्हायनं, ते कानबाई धुयाले जाई."

म्हणजे कानबाई धुळ्याला भिकनच्या घरी बसणार. त्या दिवसापासून द्रौपदाबाई घरात वावरायच्या तेव्हा त्यांचा हात सहज त्या नारळाच्या कोनाड्याकडे जायचा. मी समोरच्या खुंटीवर असल्यामुळे मला ते दिसायचं. सासू गेल्यानंतर त्या घरात त्यांना मोठं म्हणणारं जे काही होतं, ते त्या कोनाड्यात होतं.

पुढच्या श्रावणात तो रविवार आला. तापी दुथडी वाहत होती. नानांनी उजाडताच बैलगाडीवर पिंप भरून आणलं आणि रांजण काठोकाठ भरला. उरलेलं पाणी दोन हंड्यांत राहिलं. द्रौपदाबाईंनी मला खुंटीवरून काढलं, पाण्यात सोडलं आणि रांजणाच्या कडेकडेने फिरवलं. त्यांचं प्रमाण पक्कं होतं. मग मला परत टांगून त्या गोठ्यात गेल्या. माझं काम झालं होतं. आता फक्त वाट पाहायची होती.

त्यानंतर एक हात आला. सकाळच्या गार हवेत बसच्या दांड्याला धरून आलेला, थंडगार हात. त्याने मला हळूच पाण्यात सोडलं, थोडं फिरवलं आणि पुन्हा टांगलं. तो हात कोणाचा होता ते मी पुढे सांगतो.

मग पाहुण्या येऊ लागल्या. नानांच्या चुलतभावाची, छगनची बायको आली, चप्पल काढता काढता तिने मला दोन गिरक्या दिल्या. वनाची बायको आली. तिच्या मुलीला सलाईन लागलं होतं, पण तिच्या मनात द्रौपदाबाईंबद्दल अढी नव्हती. तिने मला जरा जास्तच वेळ फिरवलं आणि मनात काहीतरी पुटपुटली. शेजारच्या कुंभारवाड्यातून चुलत नणंदा आल्या. प्रत्येकीला वाटायचं, द्रौपदीची आज परीक्षा आहे, आपला एक हात लागू दे. प्रत्येकीला वाटायचं की आपण एकट्याच आहोत. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर द्रौपदाबाईंना ते मदत केल्यासारखं वाटलं असतं आणि त्या मानी होत्या.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्यांना थांबवलं असतं. मी थोडा असलो तर कणांवरचा ऋण भार पुसतो. पण मी फार झालो, तर कणांवर माझाच धन भार चढून बसतो. आधी सगळे ऋण होते म्हणून एकमेकांना लोटत होते. आता सगळे धन झाले आणि पुन्हा एकमेकांना लोटू लागले. सकाळी बांधलेले नाजूक पुंजकेसुद्धा इतक्या हातांच्या ढवळण्यात मोडून गेले. मी खुंटीवर टांगलेला, अंगातून थेंब गळत असलेला, बघत राहिलो.

दुपार व्हायला आली तेव्हा द्रौपदाबाईंनी रांजणावरचं झाकण काढलं. पाणी लाल नव्हतं, पण नितळही नव्हतं. पातळ ताकासारखं पांढुरकं दिसत होतं. त्यांनी ओंजळीत घेऊन चव पाहिली. तुरट आणि आंबूस. परातीत गव्हाचं पीठ चाळून तयार होतं, चूल पेटली होती, ओसरीवर सगळ्या बायका बसल्या होत्या आणि भागाबाई खांबाला टेकून बघत होत्या. द्रौपदाबाईंचा चेहरा उतरला. पाणी निवळलं नाही म्हणजे तुरटी कमी पडली, असंच कोणालाही वाटेल. त्यांनी मला खुंटीवरून ओढलं आणि रांजणावर हात नेला.

तेवढ्यात कोणीतरी त्यांचं मनगट धरलं.

ती कुंदा होती, भिकनची बायको. लग्नाला चार महिने झाले होते आणि ही तिची सासरची पहिली कानबाई. धुळ्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. डोक्यावरचा पदर अजून नीट बसत नव्हता. धाकट्या जावेने थोरल्या जावेचा हात भर बैठकीत धरावा, ही काही लहान गोष्ट नव्हती. 

"अक्का, अजून नका घालू," कुंदा हलकेच म्हणाली. "मला वाटतं तुरटी कमी नाही पडली. जास्त झालीय."

द्रौपदाबाईंनी हात सोडवून घेतला. वर्षभर जे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, ते तेव्हा बाहेर पडलं.

"तुले काय व्हई ऱ्हायनं? कानबाई तुन्हाच घर येई ऱ्हायनी."

कुंदाचे कान लाल झाले. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "आली तर मी नाही कशाला म्हणेन? पण अशी नको. आणि अक्का, पहिल्या बसने आले तेव्हा तुम्ही गोठ्यात होता. तुमच्या माघारी मीही फिरवलीय ही."

तो थंड हात तिचा होता. मी तो ओळखला होता, पण तिने स्वतः सांगितलेलं मला फार आवडलं.

 कुंदा रांजणाचा काठ पुसत म्हणाली, "माझ्याआधी तुम्ही फिरवली असणारच. मग आणखी कोणी फिरवली का, तेवढं सांगा."  मग छगनची बायको म्हणाली की तिने अगदी थोडीशी. वनाची बायको पदराचं टोक चावत म्हणाली, तिनेही. नणंदा एकमेकींकडे बघू लागल्या आणि त्यातली एक हसली, म्हणजे तिघींनीही. एवढ्यात दारात उभे असलेले आधारनाना घसा खाकरून पुढे झाले. ते जन्मात कधी स्वयंपाकाच्या कामात पडले नव्हते.

"तुम्ही बठ्ठ्या मांगे व्हत्यात," ते म्हणाले, "तवय मी बी एक फेरा दिन्हा."

आता हसू आवरणं अवघड झालं. पण खरी गंमत पुढेच होती. सगळ्यांचं हसणं ओसरल्यावर भागाबाईंनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि खाली बघत म्हणाल्या, "मी बी फिराई. जराखी नही, चांगली फिराई. मन्ही द्रौपदी हारी जाई म्हनीसन."

जिने निकाल द्यायचा तिनेच चोरून मला फिरवलं होतं. द्रौपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडू आलं होतं की हसू, ते मला त्यांच्या हातातून नीट दिसलं नाही. रांजणात नुसतं पाणी नव्हतं, मित्रांनो, त्या दिवशी त्यात सगळ्या भावकीची माया विरघळली होती, आणि तीच अंगाशी आली होती.

पण दिवस सरत होता आणि पाणी तसंच होतं. नदीवरून नवं पाणी आणायचं तर बैल दमलेले, वाट चिखलाची. कुंदा म्हणाली की रांजणात तुरटी जास्त आहे आणि माती कमी, तर त्यात मातीचं पाणीच घालून पाहू. हे ऐकून भागाबाईंनी कपाळाला हात लावला.

"चिखलमा चिखल टाकं ते भिंत व्हस व माय, पानी नही व्हत."

कुंदा हसली. म्हणाली, "मलाही किती घालायचं ते ठाऊक नाही. म्हणून तर आधी पेल्यात बघू या."

लग्नात आलेले काचेचे पेले फडताळात होते. ते तिने ओळीने ओट्यावर मांडले. प्रत्येकात रांजणातलं पाणी घेतलं आणि हंड्यातलं लाल पाणी एकात चमचाभर, एकात थोडं जास्त, एकात निम्म्याला निम्मं असं घातलं. चमच्याच्या दांड्याने आधी जरा जोरात आणि मग पाळण्याला झोका द्यावा तसं हळूहळू ढवळलं. मग ती मागे सरून बसली. सगळ्या बायका ओट्याभोवती गोळा झाल्या. परीक्षेच्या निकालाला मुलं जमतात तशा.

पहिल्या पेल्यात काहीच झालं नाही. दुसऱ्यात थोडी कालवाकालव दिसली. निम्म्या पाण्याच्या पेल्यात मात्र आधी धुरकट ठिपके उमटले, मग त्यांचे पुंजके झाले आणि वनाची बायको हळूच म्हणाली की हे तर रुईसारखं दिसतंय. पुंजके खाली बसू लागले. पेल्याच्या वरच्या भागातून पलीकडच्या भागाबाईंच्या नथीतला मोती दिसू लागला.

रांजणातलं निम्मं पाणी उपसून तितकंच नदीचं गढूळ पाणी ओतलं गेलं. या वेळी मला पाण्यात उतरवलं नाही. कुंदाने लाकडी डावाने पाणी एकदा जोरात आणि मग बराच वेळ सावकाश फिरवलं. मातीच्या नव्या कणांवर ऋण भार होता, जुन्यांवर माझा जादा धन भार. दोघे एकमेकांकडे ओढले गेले. झाकण ठेवून कुंदा म्हणाली की आता सगळ्यांत अवघड काम आहे, कोणी काहीही करायचं नाही.

खरंच ते अवघड होतं. कोणाला ना कोणाला झाकण उचलून बघावंसं वाटायचं. तेव्हा द्रौपदाबाई स्वतः रांजणापुढे मांडी घालून बसल्या, दोन्ही हात मांडीत घेतले आणि म्हणाल्या,

"आते कोन्ही हात लावानं नही. मी बी नही."

मग त्यांच्या शेजारी भागाबाई बसल्या, मग बाकीच्या. सगळ्यांचे हात मांडीत. नुसत्या गप्पा चालल्या होत्या, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या जावयाची तक्रार. दिवस मावळायच्या आत झाकण निघालं, तेव्हा रांजणात ओसरीच्या आढ्याचं प्रतिबिंब होतं. पाण्याच्या तळाशी पायलीभर गाळ गालिच्यासारखा अंथरलेला. कुंदाने वरचं पाणी हळूच काढून पिण्यापुरतं उकळायला ठेवलं. नितळ दिसतं ते निर्धोक असतंच असं नाही, हे तिने तेव्हा पोरांना सांगितलं आणि मीही तुम्हाला सांगतो. त्या कामी माझा उपयोग नाही, त्याला चूलच हवी.

रोट झाले. कानबाई बसली. कोणी आजारी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी कानबाईला वाजतगाजत नदीवर नेऊन नारळ परत घरी आणला, तेव्हा भागाबाईंनी तो न विचारता द्रौपदाबाईंच्या कोनाड्यात ठेवला.

कुंदा बसला निघाली तेव्हा द्रौपदाबाईंनी मला पाट्यावर ठेवलं आणि वरवंट्याने माझे दोन तुकडे केले. दुखलं का म्हणून विचाराल, तर नाही. स्फटिक सरळ रेषेत फुटतो. एक तुकडा त्यांनी कुंदाच्या रुमालात बांधला.

"कानबाई आठेच ऱ्हाई," त्या कोनाड्याकडे बोट करत म्हणाल्या. "पन हाई तुरटी तुन्ही बी शे."

धुळ्याला नळ होता. तिथे माझ्या त्या तुकड्याला काम नव्हतं. तो कुंदाच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत एका बाटलीत गेला आणि वर्षानुवर्षं मुलांना पेल्यातले पुंजके दाखवत राहिला, असं ऐकतो. मला त्याचा हेवा वाटत नाही, पण आठवण येते.

पुढे काळ बदलला. अंगणात कूपनलिका आली, गच्चीवर सिमेंटची टाकी आली, ओसरीवर टीव्ही आला. रांजण कोपऱ्यात सरकला. मी खुंटीवरच राहिलो. उन्हाळ्यात माझ्या अंगावर पांढरी भुकटी यायची, पावसाळ्यात ती धुऊन जायची. कोळ्याने माझ्या सुतळीला जाळं बांधलं. एकदा रंगाऱ्याने मला भिंतीबरोबर निळा रंग दिला, तो अजून एका बाजूला आहे. वर्षभर कोणी माझ्याकडे बघत नाही. तरी श्रावणातला तो रविवार आला की आधारनाना तापीचा एक हंडा आणतात, रोटांपुरता. मग सगळ्या बायका जमतात, एकच जण मला फिरवते, आणि पाणी निवळेपर्यंत बाकी सगळ्या हात मांडीत घेऊन रांजणासमोर बसतात. नव्या सुनांना वाटतं, हा फार जुना रिवाज आहे. त्यांना तसं वाटू दे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला सांगतो की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. तुरटी जपून ठेवली तर तिचा उपयोग काय? माझं एवढंच मागणं आहे की मला वापरताना हात राखून वापरा. आणि ज्याची तुम्हाला काळजी वाटते, त्याच्यासाठी करायचं तेवढं करून झालं की थोडं मागे सरून बसा. खाली बसायला गाळाला वेळ लागतो.

या वर्षी द्रौपदाबाईंचे सांधे धरले आहेत. रविवारी त्यांनी मला खुंटीवरून काढलं, पण पाण्यात सोडताना बोटं थरथरू लागली आणि मी सुटून पडतो की काय असं मला वाटलं. तेव्हा कुंदा पुढे झाली. तिच्याही केसांत आता पांढरं दिसतं. तिने त्यांचं मनगट धरलं, आणि या वेळी द्रौपदाबाईंनी ते सोडवून घेतलं नाही. दोघींनी मिळून मला रांजणाच्या कडेने सावकाश फिरवलं.

मग दोघींनी हात काढून घेतले.

मी सुपारीएवढा उरलोय. पुढच्या श्रावणापर्यंत पुरेन.